अण्णांनी दाराला लावलेलं तेल

दार ओढलं आणि हँडल तुटून हातात आलं. दार मात्र जागचं हललं नाही. मी त्या काळ्या प्लास्टिकच्या तुकड्याकडे बघत उभा राहिलो. माझ्यामागे माझे वडील, अण्णा, उभे होते, अंगात माझा जुना निळा कोट, डोक्याला मफलर, हातात कापडी पिशवी.

"ओढू नको," ते म्हणाले. "मघापास्नं सांगतोय, ओढू नको म्हणून."

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर उणे एकतीस. कॅनडातल्या ब्रँडन नावाच्या लहानशा शहरात, आमच्या इमारतीसमोरच्या मोकळ्या पार्किंगमध्ये माझी चंदेरी गाडी उभी होती आणि तिची चारही दारं बर्फानं धरून ठेवली होती. विनिपेगचा विमानतळ तिथून सव्वादोनशे किलोमीटरवर. अण्णांचं विमान साडेअकराला सुटणार होतं आणि साडेदहापर्यंत विमानतळावर सामान द्यायच्या खिडकीवर पोचणं भाग होतं. रस्त्यात काही झालं तर असावा म्हणून एक तास मी जास्तीचा धरला होता.

आणि तिकडे गावी, विट्यात, दवाखान्याच्या खाटेवर, माझी आई पडून होती. मंगळवारी सकाळी मोरीत तोंड धुताना तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, शुद्ध मात्र होती. माझी थोरली बहीण शैलाअक्का तिच्या उशाशी बसून होती. तिनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "अण्णांना लगोलग लावून दे. दाराशी कुणी आलं की ती मान वळवून बघती." आज गुरुवार होता. अण्णा आता निघाले तर शनिवारी सकाळी तिच्यापाशी पोचणार होते. मला स्वतःला जाता येत नव्हतं, कारण माझा पासपोर्ट नूतनीकरणासाठी गेलेला होता आणि तो यायला आठवडा होता.

अण्णा आमच्याकडे नोव्हेंबरात आले होते, नातीला बघायला. आईनं येणार नाही म्हणून सांगितलं. गुडघे दुखतात, विमानात पाय लांब करता येत नाहीत, आणि त्या बर्फात आपलं काय ठेवलंय, अशी तिची तीन कारणं होती. "तुम्ही जाऊन या. मी हाय हितं," असं म्हणून तिनं त्यांची पिशवी भरून दिली होती. चाळीस वर्षांच्या संसारात दोघं इतके दिवस एकमेकांपासून लांब राहण्याची ती पहिलीच वेळ.

अण्णा म्हणजे हणमंत साळुंखे, एसटीच्या विट्याच्या डेपोत चौतीस वर्षं मेकॅनिक. गावात त्यांना हणमंत मिस्त्री म्हणत. लोक दुखण्याची चौकशी करतात तशी ते समोर आलेल्या गाडीची चौकशी करत. ब्रँडनला आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या गाडीभोवती फेरी मारली. इंजिन गोठू नये म्हणून आम्ही रात्री गाडीला विजेची वायर जोडून ठेवतो, ते बघून त्यांना फार मजा वाटली. "म्हशीला दावं लावल्यागत गाडी बांधून ठेवता की रे तुम्ही," असं म्हणून ते दोन दिवस हसत होते. रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात, ते उडून गाडी खिडक्यांपर्यंत पांढरी झालेली. चढता-उतरताना विजारीला त्याचे फराटे लागत. ते मात्र त्यांना अजिबात पटलं नाही. लांबच्या रस्त्याला गाडी धुतल्याशिवाय काढायची नाही हा त्यांचा जन्माचा नेम होता. अशा अवताराची गाडी मी डेपोच्या फाटकातनं सोडली नसती, असं त्यांनी मला ऐकवलं. हिवाळाभर इथल्या गाड्या अशाच असतात, असं मी त्यांना सांगून टाकलं.

डिसेंबरात एकदोनदा गाडीचं दार अडकलं. दाराच्या कडेला जे रबर असतं त्यावर दमटपणा बसतो, तो गोठतो आणि दार चिकटतं. मला त्याची सवय होती. एक दणका द्यायचा आणि पुढे जायचं. अण्णांनी मात्र ते मनावर घेतलं. एका दुपारी मी कामावरून आलो तर ते पार्किंगमध्ये, एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात जुन्या बनियनचा बोळा घेऊन, चारही दारं उघडी टाकून उभे. वाटीत शेंगदाण्याचं तेल होतं. आधी रबर कोरडं पुसायचं, मग बोळ्यानं हलकं तेल फिरवायचं, म्हणजे पाणी धरत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझी बायको मेधा खोबरेल द्यायला निघाली होती तर त्यांनी तिला हसून परत पाठवलं, की अगं ते बाटलीतच दगड होऊन बसतंय. रात्री ते बाजूच्या आरशांवर पिशव्या बांधायचे, पुढच्या काचेवर जुनी चादर टाकून तिची टोकं दारांत अडकवायचे. दर तिसऱ्या दिवशी तेलाची वाटी खाली जायची.

मला लाज वाटायची, हे आता सांगायला हरकत नाही. खताच्या कारखान्यातला इंजिनिअर, दहा वर्षं त्या देशात राहिलेला, आणि माझा बाप शेजाऱ्यांसमोर गाडीला फोडणीचं तेल चोळतोय. शेजाऱ्यांना त्याचं काही नव्हतं. मलाच होतं. एकदोनदा मी म्हणालो, "राहू द्या ना अण्णा, कशाला?" ते म्हणाले, "बसून काय करू?" आणि मग मी बोलायचं सोडलं.

बुधवारी, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी, हवा बरी होती. उणे पाच-सहा. अण्णांनी सामान दुपारीच बांधून ठेवलं आणि चारच्या सुमाराला वाटी घेऊन खाली गेले. "मी गेल्यावर तुला अडचण नको म्हणून जरा जास्तच लावून आलो," असं त्यांनी वर येऊन सांगितलं. अंधार पडल्यावर मी गाडी घेऊन बाहेर पडलो, टाकी भरून, चाकांत हवा बघून तासाभरात परत आलो. पहाटे निघायचंच म्हणून त्या रात्री अण्णा चादर टाकायला खाली उतरले नाहीत. रात्री वारं उत्तरेकडून फिरलं आणि पहाटेपर्यंत पारा उणे एकतिसावर उतरला.

आणि सकाळी हे असं.

हँडल तुटल्यावर मी दुसऱ्या बाजूच्या दाराकडे धावलो. अण्णा पिशवी खाली ठेवून पुढे आले. "बाजूनं अंग टाक दारावर," ते म्हणाले. "ओढायचं न्हाई, आत दाबायचं. आत दाबलं की कडंचं बर्फ मोडतंय. मग उघडंल." असं म्हणून त्यांनी खांदा लावायला सुरुवात केली. ते सत्तरीला आलेले, खाली सगळी काच झालेली. पाय घसरला तर आणखी एक पंचाईत, म्हणून मी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. निदान मला तसं वाटत होतं. आज आठवतं ते एवढंच, की मी दंड जरा जोरानंच धरला होता.

मी वर पळालो आणि किटलीभर उकळतं पाणी घेऊन आलो. अण्णा "अरे, नको, नको" म्हणत असतानाच ते दाराच्या फटीवर ओतलं. वाफेचा लोट उठला, क्षणभर सगळं सुटल्यासारखं वाटलं, आणि मिनिटाभरात त्या जागी बोटभर जाड बर्फ तयार झाला. मी पुन्हा वर गेलो आणि पुन्हा किटली आणली. आता किल्लीचं भोकसुद्धा बुजलं. साडेसात झाले. मेधा दीड वर्षाच्या लेकीला कडेवर घेऊन खिडकीत उभी राहून टॅक्सीला फोन लावत होती. शहरात दोनच टॅक्सी कंपन्या, दोन्हीकडे तासाच्या आत गाडी नाही असं सांगितलं. तिनं वरूनच हातानं नाही म्हणून खूण केली.

राग मला लवकर येतो आणि आला की तो समोर जो असेल त्याच्यावर जातो. समोर अण्णा होते.

"तुमच्या तेलानं झालंय हे," मी म्हणालो. "रोज उठून ते तेल चोपडत बसायचं. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? हा तुमचा डेपो आहे का? इथलं तुम्हाला काही कळतं का?"

मी तिथं थांबलो असतो तरी पुष्कळ होतं.

"आईला काही झालं ना अण्णा," मी म्हणालो, "तर ते ह्या तेलानं झालं असं समजा."

अण्णांनी गाडीकडे एकदा पुढून मागपर्यंत बघितलं. दिव्याच्या खांबाचा उजेड तिच्यावर पडला होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मिशीवर श्वासाचा बर्फ झाला होता.

"बरं," ते म्हणाले.

आठच्या पुढे मेधानं तळमजल्यावरच्या वॉल्टरला उठवून आणलं. वॉल्टर ऐंशीचा, युक्रेनमधून आलेल्या शेतकऱ्यांच्या घरातला, वयामुळे गाडी चालवायचं सोडलेला. तो झोपेच्या कपड्यांवर कोट चढवून, हातात बायकोचं केस वाळवायचं यंत्र घेऊन आला. विजेच्या खांबाला वायर लावून त्यानं मागच्या एका दाराच्या कडेनं सावकाश गरम हवा फिरवली. मी काय झालं ते सांगितलं, तेलाचंही सांगितलं. तो हूं हूं करत राहिला. नंतर त्यानं दाराला पाठ लावली आणि कुल्ल्यानं आत दाबलं. एकदा, दोनदा, चारदा. कडेचा बर्फ तडतडला आणि दार सुटलं. अण्णा सांगत होते तसंच सुटलं, पण ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी मागच्या दारातून आत घुसून, पुढच्या सीटवर उतरून, पायानं आतून दुसरं दार उघडलं. पावणेनऊ वाजले होते.

वाटेत वारं रस्त्यावरून बर्फाची धूळ वाहून नेत होतं. शंभरच्या पुढे गाडी काढणं धोक्याचं होतं, तरी मी काढत होतो. बाजूची काच गोठलेली, तिच्यातून काही दिसत नव्हतं. तरीही अण्णा तिच्याकडेच तोंड करून बसले होते. पोर्टेज नावाचं गाव मागे पडल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

तेव्हा मी नुसतं 'असू दे' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी घड्याळाकडे बघितलं आणि गाडी आणखी दामटली.

आम्ही खिडकीवर पोचलो तेव्हा दहा पन्नास झाले होते. खिडकी बंद झालेली. तिथल्या बाईला मी विनवलं, आईचं सांगितलं. तिनं आत दोन फोन केले, बिचारीनं खरंच प्रयत्न केला. सामान घ्यायची वेळ संपली होती, आता कुणाला घेता येत नव्हतं. अण्णांना इंग्रजी येत नसलं तरी चेहरा वाचता येत होता. "किती येळ झाला आपल्याला?" एवढंच त्यांनी विचारलं. वीस मिनिटं, म्हणून सांगितलं. मग त्यांनी कोटाची बटणं पुन्हा लावायला घेतली, खालपासून वरपर्यंत, एकेक.

पुढची जागा शनिवारी दुपारची मिळाली. आम्ही ब्रँडनला परत आलो. शुक्रवारचा दिवस अण्णांनी टेलिफोनशेजारच्या खुर्चीत काढला. शनिवारी पहाटे साडेचारला, पुन्हा धोका नको म्हणून आम्ही पहाटेच निघायच्या तयारीत असताना, अक्काचा फोन आला. विट्यात तेव्हा दुपारचे चार वाजले होते. आई गेली. अण्णा गुरुवारच्या विमानानं गेले असते तर त्या दिवशी सकाळी सहाला तिच्याजवळ असते. नऊ-दहा तास मिळाले असते. अक्का म्हणाली, दुपारपर्यंत ती दाराकडे बघत होती.

अण्णा तरीही त्याच विमानानं गेले. सोमवारी सकाळी ते घरी पोचले तेव्हा माझ्या चुलतभावानं अग्नी दिलेला होता. त्यांच्यासाठी अस्थींचं मडकं तेवढं ठेवलं होतं.

अण्णा विमानानं गेल्यावर चार दिवसांनी मी इमारतीतल्या कपडे धुवायच्या खोलीत वॉल्टरला भेटलो. त्यानं आईचं विचारलं, माझा हात धरून थोडा वेळ उभा राहिला. मग मशीनमध्ये कपडे टाकता टाकता तो म्हणाला की म्हाताऱ्याला उगीच दोष देऊ नकोस. रबराला तेल लावणं ही चांगली गोष्ट आहे, त्याच्या शेतावर त्याची आई गाडीच्या दारांना हंसाची चरबी लावायची. दार तेलानं धरत नसतं, पाण्यानं धरतं.

"बुधवारी संध्याकाळी तू ओली गाडी घेऊन आलास," तो म्हणाला. "मी खिडकीतून बघितलं. मला वाटलं, इतकी वर्षं इथं राहतो आणि ह्याला कुणी सांगितलंच नाही."

मी टाकी भरायला गेलो होतो ना, त्या पंपावर पूर्ण टाकी भरली की गाडी फुकट धुऊन मिळत होती. यंत्राच्या बोगद्यात गाडी घालायची, सात मिनिटांत चकचकीत होऊन बाहेर. मी घातली. अण्णा दुसऱ्या दिवशी लांबच्या रस्त्याला निघणार होते. त्यांच्या एकुलत्या एका गरम विजारीला मिठाचे फराटे लागू नयेत, त्यांना एकदा तरी धुतलेल्या गाडीतून न्यावं, एवढंच मनात होतं. साबणाच्या फेसानं त्यांचं तेल धुऊन काढलं, दारांच्या फटींत, कुलपांत पाणी भरलं, आणि मी ती गाडी तशीच उघड्यावर लावून वर जेवायला गेलो. सकाळी हे मला आठवलं नाही असं म्हणावं तर ते खरं आहे. पण आठवलं असतं तर मी सांगितलं असतं का, हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

वॉल्टरला मी म्हणालो, खरंय. मेधाला काही बोललो नाही. मनाशी ठरवलं, आता गावी गेलो की पहिलं काम हे. अण्णांपुढे बसायचं आणि सांगायचं.

पासपोर्ट आला आणि मी तेराव्याच्या आदल्या दिवशी विट्याला पोचलो. घरात माणसं मावत नव्हती, अण्णांबरोबर एकटं बसायला सवड मिळेना. तेराव्याची जेवणं झाल्यावर पुरुषमाणसं ओसरीवर बसली. कुणीतरी आत्याच्या बाजूचे पाहुणे होते, त्यांनी विचारलं, मिस्त्री, तुम्हाला दोन दिवस उशीर कसा काय झाला?

अण्णा पानाला चुना लावत होते. "म्हाताऱ्याची अक्कल, दुसरं काय," ते म्हणाले. "गाडीच्या दारांस्नी तेल लावून ठिवलं मी. थंडीनं ते गोठलं, दारं बसली. पोरगं बिचारं जीव तोडून वढतंय, दार काय सुटंना. विमान गेलं."

लोक चुकचुकले. एकजण म्हणाला, व्हायचं ते होतं. अण्णांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी सुपारी कातरत होतो. ती मी फार बारीक कातरली.

त्या वेळी बोललो नाही, म्हणून पुढे बोलणं आणखी अवघड झालं. मी जवळजवळ दरवर्षी, निदान वर्षाआड, गावी जायचो. जाताना विमानात वाक्यं जुळवायचो. अण्णा, तुम्हाला एक सांगायचं होतं. अण्णा, ते तेल नव्हतं. पण घरी पोचलं की एकदोन दिवसांत चार माणसं जमत आणि अण्णा ती गोष्ट काढत. कॅनडाची थंडी, म्हशीगत बांधलेली गाडी, शेंगदाण्याचं तेल, आणि शेवटी स्वतःची फजिती. हळूहळू ते ती रंगवून सांगायला लागले. लोक हसायचे. मीही हसायचो. मला वाटायचं, त्यांच्या मनातली सल बोथट झाली असणार, नाहीतर माणूस अशी हसत सांगतो का? आता उगीच जुनं उकरून त्यांना त्रास कशाला, असं मी स्वतःला समजावायचो. ही समजूत मला सोयीची होती.

एका मे महिन्यात आम्ही दोघंच ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. त्या वेळी घरात कुणी नव्हतं. अण्णांनी मध्येच विचारलं, "तिकडं एवढ्या थंडीत गाड्या धुत असतील का रे कुणी?"

माझा हात थांबला. समोर रस्त्यावरून एक सायकलवाला गेला. तो पार कोपऱ्यावर वळेपर्यंत मी त्याच्याकडे बघत होतो.

"न्हाई, अण्णा," मी म्हणालो. "थंडीत कोण धुतंय? उन्हाळ्यातच धुतात."

"असं व्हय," ते म्हणाले आणि पुढची शेंग फोडली. दाणे त्यांनी माझ्या बाजूच्या ताटलीत टाकले.

अण्णा गेल्या भाद्रपदात गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मी दहाव्याला पोचलो. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि संध्याकाळी घरात अक्का आणि मी दोघंच उरलो. ती ट्रंकेतले त्यांचे सदरे काढून घड्या घालत होती. कुठला कुणाला द्यायचा ते ठरवायचं होतं. मी भिंतीला टेकून बसलो होतो. आता ऐकायला माणूस नव्हतं तेव्हा मला धीर आला.

"अक्का," मी म्हणालो, "ती दारं तेलानं गोठली नव्हती."

तिनं घडी घालणं थांबवलं नाही. "माहिताय मला," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"अण्णांनी. कॅनडातनं आले त्याच दिवशी. अंघोळ करून बसले, चहा घेतला आणि सांगितलं." तिनं सदऱ्याची बाही सरळ केली. "म्हणाले, आदल्या दिवशी चार वाजता मी तेल लावलं तवा गाडी मिठानं पांढरी फटक होती. सकाळी बघतोय तर लखलखीत. मी म्हणलं होतं ना त्याला, मळकी गाडी लांब काढू नये म्हणून. माझ्यासाठी धुतली गं पोरानं."

त्या सकाळी दिव्याच्या उजेडात त्यांनी गाडीकडे पुढून मागपर्यंत बघितलं होतं. चौतीस वर्षं गाड्या बघितलेल्या माणसाला तेवढं पुरलं होतं. त्यानंतर ते 'बरं' म्हणाले होते, आणि पोर्टेजच्या पुढे 'माझं चुकलं' म्हणाले होते.

"तू मला कधी बोलली नाहीस," मी म्हणालो.

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, त्याला कुणी काही बोलायचं न्हाई. त्याचा जीव आधीच अर्धा झाला आसंल. तो आपणहून सांगंल."

"मग ते लोकांना तेलाचंच का सांगत होते? दरवेळी?"

अक्कानं हातातला सदरा मांडीवर ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. रागावून नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"तू असलास की सांगायचे," ती म्हणाली. "तू नसताना ही गोष्ट त्यांनी एकदाबी काढली न्हाई. लोकं इचारायची, सांगा की मिस्त्री ती गाडीची गोष्ट, तर म्हणायचे, उदय आल्यावर सांगू."

बाहेर अंधार पडत चालला होता. दिवा लावायला हवा होता, दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"तू जायला निघालास की तुला फाट्यापर्यंत पोचवून यायचे," अक्का म्हणाली. "चपला काढायच्या आधी मला इचारायचे, तुला काही बोलला का गं? मी म्हणायची, न्हाई. मग म्हणायचे, ऱ्हाऊ दे. पुढच्या खेपेला बोलंल."

तिनं पुढचा सदरा घेतला. मी आठवून बघितलं. आई गेल्यापासून अण्णा जाईपर्यंत मी नऊ खेपा केल्या होत्या.